सावेदादांचा कॅमेरा

१८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रे दाखविली गेली. त्या नव्या कलेने मोहित होऊन छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागत त्यांनी चित्रित केले आणि १९०३ चा दिल्ली दरबारही. दरबाराची नोंद सरकारी दप्तराने ठेवलीच असती. मल्लांची आणि विद्वानाच्या गौरवाची हलती नोंद ठेवावी, हे मात्र सावेदादांनी स्वतः ठरविले. दप्तरांतच आयुष्य वेचणाऱ्या आम्हांस त्यांचा हा विवेक त्यांच्या यंत्राहूनही मोलाचा वाटतो.