कायम कोण करणार?

कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसण्यात आमच्या आयुष्यातला पुष्कळ काळ गेला. अशाच एका दिवशी शेजारी बसलेल्या आमच्या एका मालवणी कामगाराने विचारले, "अण्णा, मालकान माका काढल्यान. पण ह्या जज्जाक नेमता कोण, आणि काढता कोण?" हा गृहस्थ अकरा वर्षे एकाच कारखान्यात राबत होता आणि अकरा वर्षे हंगामीच होता. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की कामगाराला थोडेफार संरक्षण मिळे; म्हणून ते दिवस भरण्याच्या आत त्याला 'ब्रेक' मिळे आणि मग नवा कागद. त्याच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. आमची शाळा सातवीपर्यंतची. कायदा शिकलो तो वकिलांच्या मागे कागदांची पिशवी घेऊन हिंडताना. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचा माग काढता काढता आम्ही जेथे येऊन पोचलो ते ठिकाण मुंबई नव्हे, दिल्लीही नव्हे. ते आपल्या देवगड तालुक्यातले गिर्ये.

तालुक्याच्या कोर्टातला न्यायाधीश परीक्षा देऊन येतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयात मात्र परीक्षा नाही, अर्ज नाही, जाहिरातही नाही. दहा वर्षे वकिली किंवा दहा वर्षे न्यायाधीशी, एवढी पात्रता घटनेने सांगितली आहे. बाकी सारे मत. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी नावे सुचवतात, राज्य सरकार आपला अभिप्राय जोडते, गुप्तवार्ता खाते माणसाची माहिती काढते, मग दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे तिघे ज्येष्ठ न्यायाधीश ती नावे पारखतात आणि शेवटी केंद्र सरकारच्या हातून कागद राष्ट्रपतींकडे जातो. वकिलाची मिळकत पाहतात, त्याने चालवलेली प्रकरणे पाहतात, न्यायाधीश असेल तर निकालपत्रे वाचतात. एवढे सगळे होऊन जो उच्च न्यायालयात बसतो, तोही बहुधा आधी 'अतिरिक्त' न्यायाधीश म्हणून बसतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. घटनेच्या २२४व्या कलमाने ही सोय केली ती तुंबलेले काम उपसण्यासाठी. पुढे तीच उमेदवारी होऊन बसली. दोन वर्षांनी कायम करायचे की नाही, ते वरचे ठरवतात. आमच्या कामगाराला हे समजावून सांगायला आम्हांला पाच मिनिटेही लागली नसती.

आता गिर्याकडे येऊ. विजयदुर्गाजवळच्या या गावातल्या कोठारवाडीचे ललित कुटुंब मागच्या पिढ्यांत सोलापुरास गेले आणि तेथे त्या घरात वकिली रुजली. त्या घरातले उमेश रंगनाथ ललित हे आणीबाणीच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांनी काही विद्यार्थ्यांना जामीन दिला आणि मुदत संपताच त्यांना कायम केले गेले नाही. दोन गोष्टींचा संबंध आहे असे वकीलवर्गात आजवर सांगितले जाते. सांगितलेच जाते, कारण असल्या आदेशात कारण लिहिण्याची पद्धतच नव्हती. काढून टाकणे नाही, चौकशी नाही, ठपका नाही. फक्त पुढचा कागद निघाला नाही. ललित दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले.

हे आम्ही त्या कामगाराला पुढे एकदा सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे त्यांकाय ब्रेक दिल्यानी?" आम्ही म्हटले, तसेच.

त्या काळात हे एकट्या ललितांच्या वाट्याला आले असे नाही. दिल्लीत पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेचे प्रकरण ज्या दोन न्यायाधीशांपुढे आले, त्यांतले रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि अतिरिक्त न्यायाधीश असलेले अगरवाल पुन्हा सत्र न्यायाधीश झाले. १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. कायम असलेल्याला बदली आणि हंगामी असलेल्याला घरची वाट, ही रीत युनियनच्या माणसाला नवी नाही.

इंग्रज सरकारही वेगळे वागत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या निकालपत्रांत सरकारला खोट सापडली नाही. खुपत होते ते त्यांचे सार्वजनिक काम. १८७८ मध्ये त्यांना पुण्याहून नाशिकला आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर १८७९ मध्ये धुळ्याला धाडले. उच्च न्यायालयाची जागा त्यांना मिळाली ती १८९३ साली, तेलंगांच्या मृत्यूनंतर. तेलंग वयाने त्यांच्याहून लहान, पण चार वर्षे आधी तेथे पोचलेले.

घटना लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे कसे म्हणावे? २४ मे १९४९ रोजी घटना समितीत या विषयावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मधली वाट धरली. नेमणुका निव्वळ सरकारच्या हाती नकोत आणि अमेरिकेसारख्या विधिमंडळाच्या हातीही नकोत, हे त्यांनी सांगितले. पण सरन्यायाधीशाची संमती सक्तीची करण्यासही ते तयार झाले नाहीत. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तोही आपल्यासारखाच दोष आणि पूर्वग्रह असलेला माणूस आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणून घटनेत शब्द आला 'सल्लामसलत'. या एका शब्दावर पुढे पन्नास वर्षे भांडण चालले.

पहिली मोठी फेरी अतिरिक्त न्यायाधीशांवरूनच झाली. १८ मार्च १९८१ रोजी केंद्रीय कायदेमंत्र्यांनी एक परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात नेमणूक झाल्यास संमती आहे का, हे लेखी मागवले. म्हणजे कायम व्हायचे आहे ना, मग परगावी जाण्याची तयारी लिहून द्या. असली पत्रे आम्ही गेटवर फाडलेली आहेत! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वर्षाअखेर सात न्यायाधीशांच्या निकालात बहुमताने सरकारचा शब्द अखेरचा ठरला. अतिरिक्त न्यायाधीशाला कायम होण्याचा हक्क नाही, फक्त त्याचा विचार व्हावा एवढाच हक्क, असेही त्यातून निघाले. १९९३ साली नऊ न्यायाधीशांनी पारडे उलट फिरवले. १९९८ पासून सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावे ठरवू लागले. त्यालाच कॉलेजियम म्हणतात. संसदेने २०१४ मध्ये त्याऐवजी आयोग आणला; तो न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला.

मालक बदलला, एवढ्याने हजेरीपटाचा प्रश्न सुटतो काय? आम्ही कॉलेजियमच्या बाजूचे किंवा सरकारच्या बाजूचे म्हणून बोलत नाही. आमचा प्रश्न साधा आहे: कायम केले नाही, तर का नाही, हे माणसाला कोणी लिहून देणार की नाही?

याच नागपूर खंडपीठावर २०२१ च्या जानेवारीत अतिरिक्त न्यायाधीश पुष्पा गनेडीवाला यांनी बालकांच्या लैंगिक छळासंबंधीच्या एका खटल्यात असा निकाल दिला की कपड्यावरून केलेला स्पर्श त्या कायद्याखालच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही. देशभर संताप उसळला. त्यांना कायम करण्याची शिफारस झाली होती, ती मागे घेतली गेली आणि फक्त एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. निकाल चुकीचा होता यात आम्हांला शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला, आणि ते पीठ होते न्यायमूर्ती उदय ललित यांचे, म्हणजे उमेश ललितांच्या मुलाचे. येथे आमचे मन दोन्हीकडे ओढते. वाईट निकाल वरच्या न्यायालयात उलटतो, त्यासाठीच ते न्यायालय आहे. पण निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाची मुदत आखडायची, हे हत्यार एकदा मान्य केले की ते कोणाच्या हाती जाईल? जामीन देणाऱ्यावर चालले तेच हत्यार. दोन प्रसंग सारखे नाहीत, आम्ही तसे म्हणतही नाही. दोन्हीकडे कारणांचा कागद मात्र सारखाच कोरा.

उदय ललित स्वतः उच्च न्यायालयात न बसता २०१४ च्या ऑगस्टमध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात आले आणि २७ ऑगस्ट २०२२ रोजी सरन्यायाधीश झाले, चौऱ्याहत्तर दिवसांसाठी. त्या थोड्या दिवसांत कॉलेजियमने एक नवी गोष्ट केली. २६ सप्टेंबरच्या बैठकीत प्रथमच, ज्यांची नावे विचारात होती त्यांची निकालपत्रे सदस्यांत फिरवून गुणांची पारख करण्याची पद्धत घातली. अकरा नावे होती. एका नावावर, न्या. दीपांकर दत्ता यांच्यावर, एकमत झाले. ३० सप्टेंबरची बैठक भरू शकली नाही, तेव्हा ललितांनी चार नावांचा प्रस्ताव लेखी फिरवला. दोघांनी होकार दिला; दोघांनी नावांना नव्हे तर अशी नावे कागद फिरवून ठरवण्याला हरकत घेतली. तोवर ७ ऑक्टोबरला सरकारचे पत्र आले की उत्तराधिकारी सुचवा, आणि पुढची पावले थांबली. हे सारे कॉलेजियमने स्वतः निवेदन काढून लोकांपुढे मांडले. पाचजणांचा मतभेद असा तारीखवार बाहेर यावा, हे आम्हांला लाजिरवाणे वाटत नाही. युनियनच्या कार्यकारिणीचे इतिवृत्त आम्ही वीस वर्षे लिहिले. विरोधी मत वहीत उतरलेले असले की पुढच्या सभेत कोणाला पलटता येत नाही. त्याच कॉलेजियमने २०१७ मध्ये शिफारशींची कारणे प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती आणि दोन वर्षांत ती पुन्हा बंद केली होती, हेही त्याच वहीत लिहून ठेवण्याजोगे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सिंधुदुर्गातली प्रकरणे तेथे जाऊ लागली. आमच्या त्या कामगाराचे कागदही आता तेथेच आहेत. मुंबईची रात्रीची गाडी वाचली. पहाटे मालवणहून निघून घाट चढला की कोर्ट उघडायच्या आत पोचता येते. मागच्या खेपेस फलकावर आपल्या प्रकरणाचा नंबर शोधून झाल्यावर तो न्यायाधीशांचे नाव वाचत उभा राहिला होता. "हे कायम असत काय हो?" त्याने विचारले. आम्ही चौकशी करून सांगतो म्हटले.