ख्रिस्ती धर्मोपदेश आणि मराठी वाणी

एखादा धर्म आपल्या मंडळीबाहेरच्या माणसांपर्यंत कसा पोंचतो, हा प्रश्न धर्मोपदेशकांचा म्हणून आम्ही सहसा बाजूस सारतों. परंतु महाराष्ट्र-गोमंतकापुरता तो आमच्या भाषेच्या इतिहासाचाहि प्रश्न आहे. येथील चारशें वर्षांच्या ख्रिस्ती प्रयत्नांकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: उपदेशक केवळ बोलावयास आला तेव्हां वाद माजला, आधीं ऐकावयास बसला तेव्हांच त्याचा शब्द लोकांच्या ओठीं राहिला.

पहिलें उदाहरण गोमंतकांतलें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यापूर्वींच तेथें १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला होता, व साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं. धर्मांतरामागें राजसत्तेचें बळ होतें, ही गोष्ट झांकून स्टीफन्सची स्तुति करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पण सत्तेच्या बळावर माणूस देवळांतून चर्चमध्यें आणतां आला, तरी त्याचें मन रिकामेंच राहतें. जुनीं पुराणें सुटलीं आणि त्यांच्या जागीं कानाला व जिभेला रुचेल असें दुसरें कांहीं मिळालें नाहीं, ही नवख्रिस्त्यांची उणीव स्टीफन्सनीं ओळखली. त्यांनीं मराठी आत्मसात केली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. नागरी खिळे नसल्यानें लिपि रोमन होती. परंतु ओवी आमची, ‘वैकुंठ’ हा शब्द आमचा, आणि ग्रंथारंभीं मराठीचें गुणगानहि मनापासूनचें.

पुढील इतिहास मोठा बोलका आहे. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलें. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तीन मुद्रित आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. तरीहि ग्रंथ मेला नाहीं. मंगळूरच्या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांतून त्याच्या हस्तलिखित प्रती जतन झाल्या, आणि १९०७ सालीं तो मंगळुरास पुन्हां छापला गेला. राज्यकर्त्यांनीं जी भाषा दडपूं पाहिली, तींतलें पुराण श्रद्धाळूंनीं हातानें लिहून राखिलें.

दुसरा अध्याय मुंबईंत उघडतो. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी तेथें उतरले. मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या, छापखाना चालविला, १८२६ सालीं मराठी नवा करार प्रसिद्ध केला, १८४२ सालीं नगरास ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मराठी गद्यावर हें मोठें ऋण आहे. पण याच काळांत जाहीर वादविवादांनाहि ऊत आला, आणि वादांत हरलेला माणूस क्वचितच जिंकणाऱ्याचा धर्म स्वीकारतो. उपासनेंतहि परदेशी चालींवर बसविलेलीं गीतें होतीं. तीं गाणाऱ्याच्या गळ्यांत अडत. म्हणूनच नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें, तें महत्त्वाचें वाटतें. टाळ-मृदंगाचा नाद ऐकून येणाऱ्यास कोणी ‘तूं कोणत्या धर्माचा?’ असें दारांत विचारीत नाहीं.

या वाटेनें सर्वांत पुढें गेले नारायण वामन टिळक. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांचे अभंग मराठी उपासनेचें धन झाले. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखाच प्रवेश होता. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें, आणि तो प्रयोग अपुराच राहिला.

आमच्यावर एक आक्षेप येईल: ओवी-अभंगांनीं ख्रिस्त्यांची संख्या कितीशी वाढली? तो रास्त आहे. नगर जिल्ह्यांत मोठी भर पडली ती दुष्काळांच्या काळांत, व ती मुख्यतः महार-मांग वस्त्यांतून. तेथें धान्य होतें, शाळा होती, आणि शिवाशिवीवांचून शेजारीं बसणारा माणूस होता. पण हा आक्षेप आमच्याच म्हणण्यास बळकटी आणतो. ज्यास गांवानें वेशीबाहेर ठेवलें, त्याच्याजवळ बसणें ही त्याच्या कानीं पडलेली पहिली मातृभाषाच होती.

तेव्हां परधर्मीयांपर्यंत अधिक चांगलें कसें पोंचावें, असें चर्चनें आज विचारल्यास आम्ही त्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे बोट दाखवूं. नवऱ्याच्या धर्मांतरानें संसार मोडलेली ही बाई १९०० सालीं स्वतः ख्रिस्ती झाली, आणि तो सारा प्रवास तिनें घरगुती मराठींत, हंसत-रडत सांगितला. ज्या घरांत बायबल कधीं उघडलें गेलें नाहीं, तेथेंहि तें पुस्तक वाचलें जातें. वाचणारा धर्म बदलीत नाहीं. पण शेजारच्या ख्रिस्ती घराकडे पाहण्याची त्याची दृष्टि मात्र पूर्वीची राहत नाहीं.