दुभंगलेला ओठ आणि पालकांचे हात

ग्रहणात गरोदर बाईने विळीवर भाजी चिरली तर मूल फाटक्या ओठाचे जन्मते, या जुन्या मराठी समजुतीने दोष आईच्याच माथी मारला, जो अर्थातच निराधार होता. जर्मन शल्यविशारद बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी १८६१ मध्ये टाळूची फट शिवण्याची पद्धत मांडली, तरी उपचार शल्यविशारदाभोवतीच फिरत राहिला. १९९३ मध्ये अमेरिकेत बॅरी ग्रेसन व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी हिरडी व नाकाला आकार देणारी, तान्ह्याच्या तोंडात बसणारी ॲक्रिलिकची तबकडी वर्णिली आणि ती रोज धुणे, गालावरच्या चिकटपट्ट्या बदलणे हे काम आईवडिलांकडे आले. फटीलगतचे दात वाकडे उगवून तेथे अन्न अडकते, म्हणून पहिल्या दातापासून ब्रशही त्यांनाच फिरवावा लागतो.