कॅल्किन्सबाईंच्या दोन डिग्र्या

गेल्या आठवड्यात ऑफिसात रेझ्युमे चाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकशे चाळीस अर्ज आणि वरून फर्मान, "फक्त बीई ठेव, बाकीचे गाळ." एक्सेलला फिल्टर लावायला दहा सेकंद लागले. गाळलेल्यांत एक डिप्लोमावाला होता. त्याने पाठवलेला कोड मी नंतर सहज उघडून पाहिला. माझ्यापेक्षा बरा होता. (बॉसला सांगू नका. :) )

तेव्हापासून डोक्यात मेरी व्हिटन कॅल्किन्स या बाई घोळतायत. नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही, मीही मागच्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं. जर्मन शिकायला फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप घेतलं होतं. या जोड्या पाठ करायच्या प्रकाराचा अभ्यास पहिल्यांदा कोणी केला हे शोधता शोधता बाई सापडल्या.

बोस्टनजवळ वेल्स्ली नावाचं मुलींचं कॉलेज आहे. बाई तिथे १८८७ मध्ये ग्रीक शिकवायला लागल्या. मानसशास्त्र तेव्हा अगदी कोवळं होतं. वुंटची लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९ ची, म्हणजे जेमतेम आठ वर्षं जुनी. कॉलेजला हा नवा विषय सुरू करायचा होता, पण शिकवणारं माणूस नव्हतं. मग बाईंनाच विचारलं, शिकवाल का? अट एकच, आधी वर्षभर स्वतः शिकून या. (आपल्याकडे आधी प्रोजेक्टवर टाकतात, ट्रेनिंग मग बघू!)

शिकायचं कुठे? जवळ हार्वर्ड होतं, तिथे विल्यम जेम्स होते. पण हार्वर्ड फक्त मुलांचं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याही खास बायकांसाठी काढलेल्या मेडिकल कॉलेजातून. हार्वर्डचे प्रेसिडेंट एलियट विरोधात होते. बाईंच्या वडिलांनी अर्ज केला, जेम्स आणि रॉइस या प्राध्यापकांनी शब्द टाकला. शेवटी ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली ती अशी: वर्गात बसा, पण विद्यार्थी म्हणून तुमचं नाव कुठेही लागणार नाही.

जेम्सच्या सेमिनारमधली बाकीची मुलं लवकरच गळाली. उरले सर आणि बाई. लायब्ररीतल्या शेकोटीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी जेम्सचं नुकतंच छापून आलेलं 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' वाचलं. पुस्तक लिहिणाराच समोर बसलाय, अशी शिकवणी कोणाला मिळते हो?

१८९१ मध्ये बाई वेल्स्लीला परतल्या आणि कॉलेजच्या इमारतीत वरच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. अमेरिकेतल्या पहिल्या डझनभर प्रयोगशाळांपैकी ही एक, आणि मुलींच्या कॉलेजातली तर पहिलीच. क्लार्क युनिव्हर्सिटीच्या एडमंड सॅनफर्डनी यात बरीच मदत केली. त्या दोघांनी एक भन्नाट उद्योगही केला. रात्री गजर लावून उठायचं आणि पडलेलं स्वप्न तिथल्या तिथे लिहून काढायचं. अशी ३७५ स्वप्नं जमली. निष्कर्ष असा, की स्वप्नात बहुतेक हल्ली पाहिलेली माणसं आणि जागाच येतात. फ्रॉइडने आपल्या स्वप्नांवरच्या पुस्तकात या कामाचा उल्लेख केलाय.

पुढे हार्वर्डलाच म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बाईंनी स्मरणशक्तीवर काम केलं. एक रंग दाखवायचा, पाठोपाठ एक आकडा. अशा बऱ्याच जोड्या झाल्या की नुसता रंग दाखवून विचारायचं, आकडा कुठला? काय जास्त लक्षात राहतं? पहिलं आलेलं, शेवटी आलेलं, ठसठशीत दिसलेलं, की पुन्हा पुन्हा आलेलं? उत्तर निघालं: पुन्हा पुन्हा आलेलं. आजीच्या परवचा-पाढ्यांना प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला म्हणायचा.

मे १८९५ मध्ये जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग वगैरे मंडळींनी बाईंची पीएचडीची परीक्षा घेतली, अर्थात अनधिकृत. सगळ्यांचं एकमत झालं, की या डिग्रीला पात्र आहेत. हार्वर्डने डिग्री नाकारली. कारण? बाई आहेत.

ही झाली पहिली डिग्री, न मिळालेली. दुसरीची गोष्ट मला जास्त आवडते.

१९०२ मध्ये हार्वर्डला जोडून असलेल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजाने बाईंना पीएचडी देऊ केली. हार्वर्डला शिकलेल्या एथेल पफर यांनी तशी डिग्री घेतली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण कॅल्किन्सबाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. काम हार्वर्डला केलं, परीक्षा हार्वर्डच्या प्राध्यापकांनी घेतली, मग कागद दुसऱ्या दारातून का घ्यायचा? तो घेतला असता तर हार्वर्डचा प्रश्न आयताच मिटला असता.

डिग्रीवाचून बाईंचं काही अडलं नाही. १९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, १९१८ मध्ये तिथल्या फिलॉसॉफिकल असोसिएशनच्याही. १९२७ मध्ये हार्वर्डच्याच नामवंत माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार. १९२९ पर्यंत बाई वेल्स्लीत शिकवत होत्या, १९३० मध्ये गेल्या.

आता यावरून 'डिग्री म्हणजे नुसता कागद' असं म्हणून मोकळं होता येईल. पण बाईंना तो कागद फालतू वाटला असता तर १९०२ मध्ये त्यांनी कुठलाही घेऊन टाकला असता. त्यांना कागदाची किंमत पुरेपूर माहीत होती. केलेलं काम आणि कागद जुळले पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि एलियटनी केलं ते तरी काय? एका कॉलमवर फिल्टर लावला. दहा सेकंदांत.

असो. ती एक्सेल शीट अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी त्या डिप्लोमावाल्याचा रेझ्युमे कोडसकट बॉसच्या टेबलावर ठेवणार आहे. काय होईल सांगता येत नाही. पण फिल्टर मी लावला होता, तर तो काढायला हवा असं म्हणायचं कामही माझंच.