कागदाची घडी आणि वास्तूचा विचार

इमारत उभी राहण्यापूर्वी तिची लघुप्रतिकृती सिद्ध करण्याचा प्रघात फार जुना आहे. परंतु ती प्रतिकृती कोणाच्या नेत्रांकरिता घडवावयाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र शतकानुशतके पालटत गेले, आणि वास्तुकलेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी कागद, तार, माती वा प्लॅस्टर घेऊन ज्या खटपटी करीत असतो त्यांचे मर्म या पालटातच शोधावे लागते.

1418 साली फ्लॉरेन्सच्या महामंदिरावर घुमट कसा चढवावा, याविषयी मंदिराच्या कारभारी मंडळाने स्पर्धा जाहीर केली आणि 200 सुवर्ण फ्लोरिनांचे इनाम लावले. सुमारे 42 मीटर रुंदीच्या त्या अष्टकोनी पोकळीस पुरे पडेल असे लाकडी कैचीकाम उभारणे जवळजवळ अशक्य होते; म्हणून ब्रुनेलेस्की याने कैचीवाचून घुमट उभा राहू शकतो हे दाखविण्याकरिता विटा आणि चुना यांचाच नमुना बांधून काढला. हा नमुना शब्दशः पुरावा होता, मसलतीस बसलेल्या साशंक मंडळींपुढे रुजू केलेला. परंतु त्याच्या मानेत्ती नामक चरित्रकाराने नोंदविलेली दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते: काम चालू असता गवंड्यांना एखाद्या दगडाचा सांधा कसा छाटावयाचा हे समजेनासे झाले म्हणजे ब्रुनेलेस्की ओली माती, मेण किंवा लाकूड, आणि हंगाम असला तर मोठाले सलगम घेऊन त्यातून तो आकार कोरून दाखवीत असे. संध्याकाळपर्यंत सुकून जाणाऱ्या त्या सलगमाला कोणाच्या दालनात मांडून ठेवावयाचे नव्हते. एक विचार एका डोक्यातून दुसऱ्या हातात पोचविला की त्याचे प्रयोजन संपत असे.

याच शतकाच्या मध्यास आल्बेर्ती याने आपल्या वास्तुशास्त्रावरील दशखंडी ग्रंथात असा आग्रह धरला की नमुने साधे, रंगरंगोटीविरहित असावेत. कारण पाहणाऱ्याने कौतुक करावयाचे ते नमुना घडविणाऱ्या कारागिराच्या हाताचे नव्हे, तर योजकाच्या कल्पनेचे. हा उपदेश पुढील शतकांनी फारसा मानला नाही. लंडनच्या आगीनंतर सेंट पॉलच्या मंदिरासाठी ख्रिस्तोफर रेन याने 1673–74 मध्ये करविलेला सुमारे 6 मीटर लांबीचा ओकच्या लाकडाचा भव्य नमुना आजही त्या मंदिरात जतन केलेला आहे; त्याच्या आत शिरून घुमटाखाली उभे राहता येईल असा तो बेत होता, आणि तरीही धर्माधिकाऱ्यांनी ती योजना नामंजूर केली. यापुढे नमुने करून आपली कल्पना लोकांसमोर उघडी करावयाची नाही, असा निश्चय रेनने केला, असे त्याच्या कुटुंबाने प्रसिद्ध केलेल्या स्मृतिग्रंथात म्हटले आहे. मंजुरी मिळविण्याकरिता घडविलेली वस्तू, तिचा कर्ता कितीही थोर असो, अखेर मंजुरी देणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते. तिने कर्त्याला स्वतःस काही शिकवावे, ही अपेक्षा अशा वस्तूमागे नसे.

ती अपेक्षा पूर्ण झालेली पाहावयाची असेल तर बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल येथील गाउदीच्या कार्यशाळेत जावे लागते. 1898 मध्ये तेथील चर्चचे काम हाती आल्यावर त्याने छताला दोऱ्यांचे जाळे टांगले आणि त्यांना शिशाच्या छऱ्यांनी भरलेल्या लहान पिशव्या बांधल्या. प्रत्येक पिशवीचे वजन म्हणजे त्या ठिकाणी येणाऱ्या भाराचा प्रमाणशीर अंश. लोंबणारी दोरी केवळ ताण सहन करते, आणि तिचा आकार उलटा केला की केवळ दाब सहन करणारी कमान मिळते, हे तत्त्व रॉबर्ट हूक याने 1675 सालीच सांगितले होते. गाउदीने त्या तत्त्वास एका संपूर्ण वास्तूचा आकार शोधावयास लावले, त्या जाळ्याची छायाचित्रे घेतली, ती उलटी केली आणि त्यांवर भिंती व कमानी रंगविल्या. या कामी सुमारे दहा वर्षे गेली. एक दोरी हलविली की सारे जाळे नवा तोल शोधून स्थिर होई; म्हणजे येथे आकार योजकाने लादलेला नसून द्रव्याने सांगितलेला होता, आणि योजकाचे कौशल्य योग्य प्रश्न विचारण्यात होते.

एका असामान्य प्रतिभावंताने एकांतात केलेली ही साधना शाळेच्या वर्गात सर्वांसाठी खुली झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. ग्रोपियसने 1919 मध्ये वायमार येथे स्थापिलेल्या बाउहाउस विद्यालयात योहानेस इटेन याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकासाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात लाकूड, लोकर, काच, धातू यांच्या स्पर्शांतील व पोतांतील विरोध हातांनी ओळखावयाचा असे. मॉस्कोच्या व्खुतेमास विद्यालयातही 1920च्या दशकात लादोव्स्की आपल्या विद्यार्थ्यांकडून कोणत्याही इमारतीचा संदर्भ नसलेले, केवळ वस्तुमान, भार किंवा अवकाश व्यक्त करणारे मातीचे नमुने करवून घेत होता.

परंतु या पद्धतीस खरी शिस्त लावली ती योसेफ आल्बर्स याने. तो वायमारला विद्यार्थी म्हणून आला तेव्हा जवळ द्रव्य नसल्यामुळे हातोडा आणि पाठपिशवी घेऊन नगराच्या उकिरड्यावरून फुटक्या काचा गोळा करी व त्यांतून चित्रे रचीत असे. दारिद्र्याने शिकविलेला हा काटकसरीचा धडा त्याने 1923 पासून शिक्षक या नात्याने इतरांस दिला. त्याच्या वर्गातील एक हकीकत एका विद्यार्थ्याच्या आठवणींतून आपल्यापर्यंत पोचली आहे. आल्बर्सने वर्तमानपत्रांचा गठ्ठा वाटला आणि कात्री, सुरी, डिंक यांवाचून या कागदांचे काहीतरी करावयास सांगून तो निघून गेला. परत आल्यावर समोर मुखवटे, किल्ले, होड्या, विमाने असा पसारा मांडलेला होता. तो त्यास पसंत पडला नाही, कारण त्या वस्तू दुसऱ्या द्रव्यांतही झाल्या असत्या. एका विद्यार्थ्याने मात्र कागदाला केवळ लांबीच्या दिशेने घडी घालून तो पडद्यासारखा उभा केला होता, आणि आल्बर्सने त्याचीच प्रशंसा केली: एरवी आडवा पडणारा कागद उभा राहिला, त्याच्या दोन्ही बाजू दृष्टीस पडू लागल्या, आणि सहसा दुर्लक्षित राहणारी कड काम करू लागली.

या क्षुल्लक वाटणाऱ्या घडीत स्थापत्याचे एक प्रमेय दडलेले आहे. पातळ पत्र्यास ताठरपणा येतो तो त्याच्या जाडीने नव्हे, तर त्याच्या दुमडीने. आपल्या शेडवरील नागमोडी पत्राही याच कारणाने माणसाचा भार सोसतो. पुस्तकातील सूत्राने हे सांगता येते, परंतु बोटांनी घडी दाबताना कागदाचा जो प्रतिकार जाणवतो तो सूत्रात नसतो, आणि माझ्या मते वास्तुशिक्षणात त्या प्रतिकाराची ओळख सूत्राच्या आधी व्हावयास हवी. आल्बर्स विद्यार्थ्याकडून श्रम व परिणाम यांचा जमाखर्चही मागत असे: कापलेला तुकडा वाया गेला तर तो का गेला, हे सांगावे लागे.

1933 मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले; आल्बर्स त्याच वर्षी अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात गेला आणि ग्रोपियस 1937 मध्ये हार्वर्डला पोचला. कोकणातील आचरे गावी 1916 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले अच्युत कानविंदे यांनी 1940च्या दशकात तेथे ग्रोपियसच्या हाताखाली अध्ययन केले आणि परतून कानपूरच्या आय. आय. टी.सारख्या संस्थांचा आराखडा केला. आज महाराष्ट्रातील वास्तुविद्यालयांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘बेसिक डिझाइन’ या नावाने माउंटबोर्ड दुमडतो, तार वाकवितो, प्लॅस्टर ओततो, तेव्हा तो नकळत याच परंपरेत बसलेला असतो. मात्र ज्यूरीच्या दिवशी गुण पडतात ते बहुधा स्वच्छ कापलेल्या, निर्दोष चिकटविलेल्या अखेरच्या नमुन्यास, आणि ज्यांत कागद फाटला, तार निसटली, प्लॅस्टर तडकले ते आधीचे पाच-सहा नमुने स्टुडिओतील टेबलाखाली राहतात. परीक्षकांनी तेही टेबलावर मागवून घ्यावेत, आणि तडा कोठे व कशामुळे गेला याचे उत्तर विद्यार्थ्याला देता आले तर त्यास गुण द्यावेत, असे मला मनापासून वाटते.