शहरातील सुगीचा चंद्र

सुगीचा सण शेताशी बांधलेला असतो आणि शहराला शेत नसते; म्हणून असा सण शहरात आला की मिठाईच्या दुकानापुरता उरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चिनी लोकांच्या मध्यशरद पौर्णिमेचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेस हा सण येतो. बहुतेक वर्षी तो आपल्या कोजागिरीच्या एक महिना आधी असतो. क्वचित दोन्ही सण एकाच रात्री येतात, जसे ते २०२५ साली ६ ऑक्टोबरला आले. कापणीचे दिवस, निरभ्र आकाश आणि पूर्णचंद्र हे दोहोंतही समान आहे. शरदात चंद्राची पूजा करण्याची चिनी राजांची प्रथा फार प्राचीन. परंतु सर्व प्रजेचा उत्सव म्हणून या पौर्णिमेला स्थिर रूप आले ते सुंग राजवटीत, आणि तेही राजधानीच्या गजबजाटात. मंग युआनलाओ या लेखकाने ११४७ साली कायफंग नगरीच्या आठवणी लिहिल्या. त्या पौर्णिमेस श्रीमंत लोक आपले सज्जे शृंगारीत, सामान्य लोक मद्यगृहांच्या माड्यांवर चंद्रदर्शनासाठी जागा पटकावीत, आणि रात्रीचा बाजार पहाटेपर्यंत फुललेला असे, असे तो सांगतो. नवे मद्य, खेकडे, डाळिंबे, नासपती, बोरे आणि द्राक्षे यांच्या रूपाने सुगी बाजाराच्या वाटेने शहरात येत असे. मंगने हे लिहिले तेव्हा कायफंग शत्रूच्या हाती जाऊन वीस वर्षे झाली होती, आणि तो दक्षिणेत परागंदा होता. म्हणजे या सणाचे हे जुने चित्र एका गमावलेल्या शहराच्या स्मृतीतून उतरलेले आहे.

अशीच एक स्मृती आजच्या हाँगकाँगमध्ये दर वर्षी पेटवली जाते. हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ताय हांग नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ मोठा ओढा. डोंगरावरून उतरणारे पाणी येथून समुद्राला मिळत असे, आणि काठी हाक्का जमातीचे लोक राहत. गावाची आख्यायिका अशी की, १८८० साली मध्यशरदाच्या सुमारास वादळाने गावाला झोडपले. त्यानंतर एक अजगर गुरेढोरे गिळू लागला. गावकऱ्यांनी त्याला ठार केले. परंतु दुसऱ्या दिवशी त्याचे धूड नाहीसे झालेले आढळले, आणि लवकरच गावात साथ पसरून माणसे मरू लागली. तेव्हा एका वृद्धाला स्वप्नात दृष्टांत झाला : सणाच्या दिवसांत आगीचा ड्रॅगन नाचवा आणि फटाके वाजवा. गावाने तीन रात्री तसे केले आणि साथ ओसरली.

आख्यायिका रोगाचे नाव सांगत नाही. फटाक्यांतील गंधकाच्या धुराने साथ हटली, असे तेथे म्हणतात. धूप, ऊद आणि कडुनिंबाचा धूर करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही श्रद्धा परकी वाटली नसती. पुढे १८९४ साली हाँगकाँगमध्ये गाठीच्या प्लेगाचा कहर झाला, आणि १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तोच रोग प्रकटला. तो हाँगकाँगहून जहाजांच्या मार्गाने आला, असे मानले जाते. बंदरे व्यापाराने जोडलेली असतात, तशी भयानेही जोडलेली असतात. ज्या मुंबईने त्या वर्षांत ओस पडलेल्या चाळी पाहिल्या, तिला ताय हांगच्या गावकऱ्यांचे मन उमगण्यासारखे आहे.

हा ड्रॅगन रेशमाचा नव्हे, गवताचा असतो. जाड दोरावर गवत आवळून सुमारे ६७ मीटर लांबीचे, ३२ भागांचे अंग तयार होते, डोके वेताचे. त्यावर हजारो पेटत्या उदबत्त्या खोचतात. पुढे उदबत्त्यांनी मढवलेले दोन पपनस काठ्यांवर नाचतात. ते ड्रॅगनचे मोती. सुमारे ३०० माणसे आळीपाळीने हे धूड खांद्यावर घेतात. ज्या वुन शा रस्त्यावर तो प्रामुख्याने नाचतो, त्याच्या नावाचा अर्थ आहे वस्त्रे धुणे. ओढा दिसेनासा झाला. धुणाऱ्या बायकांची आठवण नावात राहिली.

शहराने या गावापासून पुष्कळ काही घेतले. भराव घालून समुद्र मागे हटवला गेला, आणि त्या जमिनीवर १९५७ साली व्हिक्टोरिया पार्क खुले झाले. किनाऱ्याचे गाव किनाऱ्यावर राहिले नाही. १९६७ च्या दंगलींत फटाक्यांच्या दारूचे बाँब होऊ लागले, म्हणून सरकारने फटाक्यांवर बंदी घातली. दृष्टांतातील अर्धी आज्ञा तेव्हापासून पाळता येईनाशी झाली. भोवती उंच इमारती चढल्या. तरी नृत्य टिकले, आणि २०११ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली.

त्याची खरी कसोटी मात्र २०२० साली लागली. साथ घालवण्यासाठी जन्मलेले नृत्य साथीमुळेच बंद ठेवावे लागले. येथे श्रद्धा आणि आरोग्यशास्त्र समोरासमोर उभे राहिले, आणि गावाने घरी थांबणे पत्करले. यात श्रद्धेचा पराभव दिसत असेल, तर तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. १८८० साली घाबरलेल्या माणसांनी एकमेकांना सोडून पळण्याऐवजी एकच दोर खांद्यावर घेतला, हा त्या कथेचा गाभा आहे. २०२० साली एकमेकांना जपण्याची रीत वेगळी होती, एवढेच. २०२३ साली ड्रॅगन पुन्हा रस्त्यावर आला.

घरोघरच्या सणातही हाच धागा सापडतो. पौर्णिमेचे पक्वान्न म्हणजे गोल चंद्रपोळी. कमळाच्या बियांचे गोड सारण आणि मध्ये खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, हा तिचा दक्षिणेकडील आवडता प्रकार. कष्टकरी कुटुंबांना तिचे डबे एकदम घेणे परवडत नसे. म्हणून हाँगकाँगमधील दुकाने जणू भिशी चालवीत. गिऱ्हाइकाने दरमहा थोडी रक्कम भरावी आणि सणाला आप्तांना वाटण्यापुरते डबे न्यावेत. शेतकरी वर्षभर शेतात राबून सुगी घरी आणतो. या कामगारांनी ती महिन्याच्या हप्त्यांनी जमवली.

शहरात सुगी उरत नाही असे नव्हे. ती धान्याची न राहता माणसांची होते. जो दोर एकट्याने उचलत नाही, तो उचलायला तीन रात्री माणसे जमतात तोवर गाव पुसले गेले असे म्हणता येत नाही.