ठिगळाचा इतिहास

मागावर नवी बीम चढली की जुन्या ताण्याचा एकेक धागा नव्याला जोडावा लागतो, हे भिवंडी तालुक्यात कोणाला सांगावयास नको. जोडणाऱ्याचे नाव कापडावर उमटत नाही; पण त्याच्यावाचून कापड निघत नाही. संगणकाच्या जगातही असेच एक अनामिक काम आहे. त्याचे नाव ‘पॅच’, म्हणजे ठिगळ.

हा शब्द अलंकारिक नव्हे. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राला छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा मिळत. जॅकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांचीच ही परंपरा. चूक सापडली की त्या जागी कागदाचे ठिगळ चिकटवीत. पुढे कागद गेला, शब्द राहिला. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचाच प्रोग्रॅम लिहिला. त्यामुळे सगळे लिखाण न पाठवता केवळ बदललेल्या ओळी पाठवून काम भागू लागले.

ठिगळ लागते कशाला? माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणे म्हणजे कंपाइल करणे. सर्वांना लागणारे भाग प्रत्येक जण नव्याने लिहीत नाही. ते सामायिक ‘लायब्ररी’तून घेतो. लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम कधी कधी कंपाइल होईनासे होतात.

ओपनएसएसएल या लायब्ररीचे उदाहरण पाहा. इंटरनेटवरील गुप्त व्यवहाराचा मोठा भार तिच्यावर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा जगाला कळले की तिच्यावर पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २००० डॉलर. मग मदत आली, साफसफाई झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० ही आवृत्ती निघाली. तिने आतले कप्पे बंद केले. आत थेट हात घालणारे असंख्य प्रोग्रॅम अडले. डेबियन या संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ च्या आवृत्तीत जुनी व नवी लायब्ररी शेजारी शेजारी ठेवली, एकेक प्रोग्रॅम दुरुस्त करवून घेतला आणि २०१९ च्या आवृत्तीतून जुनी काढून टाकली.

परंतु ठिगळ कोणते, हेही पाहिले पाहिजे. २००६ साली डेबियनमध्येच, तपासणीच्या साधनाची तक्रार थांबावी म्हणून याच लायब्ररीतील दोन ओळी बाजूला काढण्यात आल्या. तक्रार थांबली; पण गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येतील अशा निघू लागल्या. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले. यंत्राचे तोंड बंद करणे ही दुरुस्ती नव्हे. तक्रारीचे कारण दूर करणे ही दुरुस्ती.

दुसरी गोष्ट. चांगले ठिगळ आपल्याजवळ ठेवायचे नसते. ते मूळ लेखकाकडे पाठवायचे असते. नाही तर पुढच्या प्रत्येकाला तेच श्रम पुन्हा करावे लागतात. संघटनेत आम्ही हेच शिकलो: एकाने मिळविलेली सवलत सर्वांच्या करारात लिहिली गेली तरच टिकते.

नव्याला विरोध करू नये. परंतु नवे आणणाऱ्याने विचारावे की, जुन्याला जोडणारे हात कोणाचे, आणि त्यांच्या पोटाची सोय काय?